पॅटर्न मास्टरचं बिल एवढं का येतं?

स्वतःच्या नावानं कपडे बाजारात आणायचे असं ठरवलेला माणूस कापडाचा भाव, शिलाईची मजुरी, बटणं, लेबलं असा सगळा हिशेब मांडून बसतो. मग पॅटर्न मास्टरकडून अंदाजपत्रक येतं आणि हिशेब कोलमडतो. एक शर्ट शिवायला जेवढी मजुरी लागते, तिच्या कितीतरी पट रक्कम त्याच शर्टाच्या कागदी आकारांसाठी मागितलेली असते. 'कागद कापायचे एवढे पैसे?' असं मनात येतंच.

हा प्रश्न विचारणाऱ्याचं काही चुकत नाही, कारण पॅटर्न मास्टरचं बहुतेक काम दिसतच नाही. कपडा नीट बसला तर लोक कापडाचं कौतुक करतात, डिझाइनचं करतात. नीट न बसणाऱ्या कपड्याचा दोष मात्र अनेकदा पॅटर्नमध्येच असतो. दर देशागणिक आणि अनुभवागणिक बदलत असले तरी बिल तयार होण्याची रीत सगळीकडे जवळपास सारखीच आहे. ती कळली की समोरचा आकडा वाजवी आहे की नाही, हे ज्याचं त्याला ठरवता येतं.

पॅटर्न म्हणजे काय

कपड्याच्या प्रत्येक तुकड्याचा कागदावर, पुठ्ठ्यावर किंवा संगणकात आखलेला आकार म्हणजे पॅटर्न. साध्या टी-शर्टला पुढचा भाग, मागचा भाग, बाही आणि गळ्याची पट्टी एवढ्यात काम भागतं. अस्तर लावलेल्या कोटाचं तसं नाही. वरचं कापड, अस्तर, आतलं बकरम, खिशांचे आतले तुकडे, कॉलरचे वरचे-खालचे थर असं मोजत गेलं की तुकडे तीस-चाळीसच्या घरात जातात. त्यातला प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याशी जुळावा लागतो.

नुसता आकार काढून भागत नाही. शिवणीसाठी किती माया सोडली आहे, कापडाचा उभा धागा कोणत्या दिशेला ठेवायचा, कोणती खूण कोणत्या खुणेला जोडायची, त्या तुकड्याच्या किती प्रती कापायच्या, हे सगळं पॅटर्नवर लिहिलेलं असतं. कापणारा आणि शिवणारा डिझाइनरला कधी भेटलेलेही नसतात. त्यांच्या हातात असतो तो पॅटर्न आणि सोबतचा मापांचा कागद.

यातली खरी अवघड गोष्ट कळायला एक गोल कागद घ्या. काठापासून मध्यापर्यंत एक कातरा द्या आणि सुटलेल्या दोन कडा एकमेकींवर सरकवा. सपाट कागदाचा शंकू होतो. कडा किती सरकवल्या यावर तो शंकू बसका की उंच हे ठरतं. कपड्यातला टक्स, म्हणजे कापड मुडपून घातलेली टोकदार शिवण, नेमकं हेच काम करतो. शरीर गोलाईचं आणि कापड सपाट. त्यात छाती, पाठीचा बाक, कंबर, खांद्याचा उतार या प्रत्येक ठिकाणची गोलाई वेगळी. किती कापड कुठे मुडपायचं, आणि ते टक्समध्ये लपवायचं, शिवणीत की चुण्यांमध्ये, हे ठरवणं म्हणजे पॅटर्न बेतणं. रेषा आखणं हा त्यातला शेवटचा आणि सोपा भाग.

चित्रापासून चालू पॅटर्नपर्यंत

बहुतेक मास्टर कोऱ्या कागदापासून सुरुवात करत नाहीत. त्यांच्याकडे ब्लॉक असतो, म्हणजे ठराविक मापाच्या शरीराला नीट बसणारा, कसलीही सजावट नसलेला मूळ साचा. त्यातून डिझाइनप्रमाणे नवा पॅटर्न निघतो. काही जण डमीवर थेट कापड टाचून आकार शोधतात आणि मग तो कागदावर उतरवतात. झुळझुळीत किंवा तिरकं कापलेलं कापड वापरायचं असेल तर ही पद्धत जास्त भरवशाची, पण वेळ जास्त खाते.

पहिला पॅटर्न तयार झाला की स्वस्त मांजरपाटात किंवा खऱ्या कापडासारख्याच वजनाच्या दुसऱ्या कापडात नमुना शिवतात. तो माणसाच्या अंगावर चढवतात आणि इथून कामाचा सर्वात मोलाचा भाग सुरू होतो.

एकच उदाहरण जवळून पाहू. नमुन्याचा शर्ट घातलेल्या माणसानं हात वर केला आणि अख्खा शर्ट कमरेवरून वर सरकला. बघणाऱ्याला वाटतं मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेभोवतीची कड, घट्ट आहे, खाली उतरवा. नवखा माणूस मुंढा दोन सेंटीमीटर खोल करतो आणि पुढचा नमुना आणखी वाईट येतो. कारण मुंढा जितका खाली, तितकी बाहीची खालची शिवण आखूड होते, आणि हात उचलला की बाही शर्टाच्या कुशीलाच वर खेचते. उपाय बहुतेक वेळा उलटा असतो: मुंढा काखेच्या जवळ आणायचा, बाहीच्या टोपीची, म्हणजे खांद्याकडच्या गोल भागाची, उंची कमी करायची आणि दंडाला थोडी रुंदी द्यायची. मग बाहीच्या टोपीचा घेर आणि मुंढ्याचा घेर पुन्हा जुळवून पाहायचा. हे सगळं करताना खांद्याची लांबी आणि पाठीची रुंदी बिघडली नाही ना, हेही बघायचं. कागदावर हा बदल थोड्या वेळात होतो. कोणता बदल करायचा हे ओळखायला मात्र बरीच वर्षं जातात, आणि फीचा मोठा हिस्सा त्या ओळखीचा असतो.

दुरुस्ती झाली की दुसरा नमुना येतो, लागला तर तिसरा. ते पटले की ग्रेडिंग, म्हणजे एका मापाच्या पॅटर्नवरून लहान-मोठी सगळी मापं काढणं. फोटोकॉपी मोठी करावी तसा पॅटर्न मोठा केला तर फसगत होते. छातीचा घेर चार सेंटीमीटरनं वाढला म्हणून गळा, खांदा आणि बाहीची लांबी त्याच प्रमाणात वाढत नाहीत. प्रत्येक बिंदू किती आणि कुठे सरकवायचा याचे वेगळे नियम बसवावे लागतात. शेवटी येतो मार्कर. कापडाच्या पन्ह्यात सगळे तुकडे कमीत कमी वाया जाईल असे मांडून केलेला हा नकाशा असतो.

अर्धा सेंटीमीटर चुकला तर

शर्टाची डावी-उजवी बाजू बहुधा सारखीच असते, म्हणून पुढच्या भागाचा पॅटर्न अर्ध्याचाच काढतात. मागचाही तसाच. म्हणजे कागदावर घेराचा एक चतुर्थांश असतो. कुशीच्या रेषेत पुढे-मागे फक्त अर्ध्या सेंटीमीटरची चूक झाली तर अंगावर ती दोन सेंटीमीटरची होते. दोन मापांमध्ये चार सेंटीमीटरचं अंतर ठेवलेलं असेल तर तुमचा शर्ट अर्ध्या मापानं चुकला. दुकानात जे मध्यम म्हणून विकायचं, ते ना मध्यम ना लहान. आणि ही चूक कापलेल्या प्रत्येक नगात सारखीच उतरते.

कापडाचंही तसंच. धुतल्यावर लांबीत पाच टक्के आटणाऱ्या कापडातून सत्तर सेंटीमीटर लांबीचा शर्ट हवा असेल तर पॅटर्न ७३.७ सेंटीमीटरचा लागतो. आडव्या दिशेला तेच कापड दोनच टक्के आटत असेल तर रुंदीचा हिशेब निराळा. ताणणाऱ्या कापडाचा अंगाला चिकटून बसणारा कपडा असेल तर पॅटर्न अनेकदा शरीराच्या मापापेक्षा लहान काढावा लागतो. म्हणून मास्टर पहिल्याच भेटीत कापडाचा तुकडा मागतो. जो मागत नाही त्याच्याबद्दल मी तरी जरा सावध राहीन.

पैसे कशाचे मोजतात

बिल तीन-चार रीतींनी होतं. काही जण तासावर किंवा दिवसावर घेतात. काही जण डिझाइनमागे ठोक रक्कम सांगतात. मोठ्या कंपन्या पगारी मास्टर ठेवतात, आणि ज्यांच्याकडे दर हंगामाला नवे कपडे येतात ते महिन्याला ठराविक दिवस बांधून घेतात.

ठोक रकमेतही आत तासच दडलेले असतात. म्हणून कोणतंही बिल समजून घ्यायचं तर ते असं उलगडावं: पहिल्या पॅटर्नला किती तास, नमुने किती आणि ते शिवायचे पैसे यात धरले आहेत का, दुरुस्तीच्या किती फेऱ्या, ग्रेडिंग किती मापांचं, मार्कर कोण करणार. दोन मास्टरांच्या आकड्यांत दुपटीचा फरक दिसतो तेव्हा स्वस्त बिलात बहुधा यातलंच काहीतरी गळलेलं असतं. एकानं फक्त पहिला पॅटर्न धरलेला असतो, दुसऱ्यानं कारखान्यात जाण्याजोगा संपूर्ण संच.

डिझाइन कसं आहे यावर तास ठरतात. सैल टी-शर्ट काही तासांत उरकतो, बेतशीर कोटाला कित्येक दिवस लागतात. तुकडे जास्त, अस्तर, खिसे, कॉलर, चौकटी किंवा पट्ट्या शिवणीवर जुळवायच्या असलेलं कापड, अंगाला चिकटून बसणारा बेत, यातल्या प्रत्येकानं वेळ वाढतो. दिसायला साधा असलेला कपडा स्वस्तात होईल अशी अनेकांची समजूत असते. पण एकही चुणी नसलेल्या घट्ट, गुळगुळीत झग्यात चूक लपवायला जागाच नसते, म्हणून तो नमुन्याच्या जास्त फेऱ्या मागतो.

बिल सर्वात जास्त फुगतं ते इथे

माझं स्पष्ट मत आहे की जास्तीचा खर्च बहुतेक वेळा मास्टरमुळे होत नाही, काम देणाऱ्याच्या अर्धवट तयारीमुळे होतो. मोबाइलवरचा एक फोटो पाठवून 'असंच पण थोडं वेगळं' असं सांगितलं की पुढचे तास अंदाज बांधण्यात जातात. पुढून-मागून सपाट काढलेलं चित्र, प्रत्येक महत्त्वाचं माप, शिवणीचा प्रकार, चेन किंवा बटणाची जागा, कापडाचा नमुना हे एका जागी लिहून दिलं, तर पहिल्याच नमुन्यात काम बरंच पुढे सरकतं. अशा कागदांच्या संचाला या धंद्यात टेक पॅक म्हणतात. तो सुबक नसला तरी चालतो, पण अपुरा असून चालत नाही.

मधेच कापड बदलणं हा दुसरा मोठा खड्डा. जाड सुती कापडावर पटवलेला पॅटर्न पातळ, ओघळणाऱ्या कापडावर तसाच चालत नाही, अर्धं काम पुन्हा करावं लागतं. तिसरा खड्डा माणसाचा: पहिला नमुना एकाच्या अंगावर, दुसरा दुसऱ्याच्या. दोघांची छाती सारखी भरली तरी खांद्याचा उतार आणि पाठीचा बाक वेगळा असतो, आणि मास्टर एकाची दुरुस्ती करता करता दुसऱ्याचं बिघडवून बसतो. मापाचा माणूस एकच ठेवावा आणि तो तुमच्या खऱ्या गिऱ्हाइकाच्या बांध्याचा असावा.

आणि दुरुस्ती म्हणजे काय हे आधीच ठरवून घ्यावं. मापाच्या कागदाप्रमाणे पॅटर्न आला नाही तर ते मास्टरनं आपल्या खर्चानं सुधारावं. कॉलर आता मोठी हवी, लांबी कमी बरी दिसेल, असं तुमच्या मनात नंतर आलं तर ते नवं काम आहे आणि त्याचे पैसे द्यायलाच हवेत. 'थोडंसंच तर बदलायचंय' म्हणून फुकट करून घेण्याची सवय या धंद्यात फार आहे, आणि ती मला अन्यायाची वाटते. त्या थोड्याशा बदलासाठी जुळणारे आठ तुकडे पुन्हा उघडावे लागतात.

एवढा खर्च परवडतो कसा

पॅटर्नचा खर्च एकदाच होतो आणि तो सगळ्या नगांवर वाटला जातो. समजा, पॅटर्नची पूर्ण फी चाळीस शर्टांच्या शिलाईइतकी आली. तुम्ही वीसच शर्ट काढणार असाल तर प्रत्येक शर्टावर दोन शर्टांच्या शिलाईचा बोजा पडतो, आणि तो झेपणार नाही. चारशे काढणार असाल तर बोजा शिलाईच्या दहाव्या हिश्शाएवढा उरतो. तोच पॅटर्न पुढच्या हंगामात नव्या रंगात किंवा कॉलर बदलून वापरला तर आणखी कमी.

चांगला पॅटर्न कापडही वाचवतो. एखादी शिवण थोडी सरकवून किंवा एक रुंद तुकडा दोन भागांत करून मार्करमध्ये जागा निघते. दीड मीटरऐवजी १.४२ मीटरमध्ये शर्ट बसला तर हजार शर्टांमागे ऐंशी मीटर कापड शिल्लक राहतं. कपड्याच्या खर्चात कापडाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे मोठ्या उत्पादनात एवढ्यावरच फीचा चांगला भाग वसूल होऊ शकतो.

याचा अर्थ प्रत्येकानं पॅटर्न मास्टर गाठावा असा नाही. दहा-पंधरा नग काढून लोकांना आवडतं का ते बघायचं असेल तर सैल, कमी तुकड्यांचं डिझाइन घ्यावं आणि मास्टरच्या तयार ब्लॉकवरून काम करून घ्यावं. तो खर्च पुष्कळ खाली येतो.

टेलर हे करू शकत नाही का?

एका माणसापुरता करू शकतो, आणि उत्तम करतो. समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाची मापं घेऊन तो थेट कापडावर आखतो, घालून बघतो, कमी-जास्त करतो. बरंचसं ज्ञान त्याच्या हातात असतं, कागदावर उतरत नाही. कारखान्यात तोच कपडा दहा अनोळखी माणसं तुकड्या-तुकड्यानं शिवणार असतात, आणि घालणारा कोण हे कुणालाच माहीत नसतं. काही टेलर दोन्ही कामं जाणतात. तुमचा टेलर ग्रेडिंग केलेला, खुणा लिहिलेला संच देऊ शकतो का, एवढं विचारलं की उत्तर मिळतं.

तयार पॅटर्न घेतला, किंवा आवडता शर्ट उसवला तर?

घरी शिवणाऱ्यांसाठी मापवार तयार पॅटर्न मिळायला दीडशेहून जास्त वर्षं झाली. अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी १८६३ साली असे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली. शिकण्यासाठी ते फार चांगले आहेत. मात्र अनेक तयार पॅटर्न फक्त घरगुती वापरासाठी विकलेले असतात. त्यावरून विक्रीचा माल काढता येतो का, हे पाकिटावरच्या किंवा फाइलसोबतच्या अटीत वाचावं.

शर्ट उसवून आकार काढणं त्याहून फसवं. वापरून, धुऊन शर्ट काही ठिकाणी ताणलेला आणि काही ठिकाणी आटलेला असतो. मुंढा आणि गळा यांसारख्या तिरक्या कडा सर्वात आधी बिघडतात, आणि नेमक्या त्याच कडा अचूक हव्या असतात. हाती लागतं ते एकाच मापाचं, आणि मूळ कापडाच्या स्वभावाला बांधलेलं. मास्टरला नमुना म्हणून तो शर्ट जरूर द्यावा, त्याचे काही तास वाचतात. नक्कल मात्र करू नये. दुसऱ्याचं डिझाइन उचलण्याचा प्रश्न वेगळाच.

आता सॉफ्टवेअर आहे ना?

आहे, आणि बऱ्याच वर्षांपासून आहे. गर्बर कंपनीचं संगणकावर चालणारं कापड कापायचं यंत्र १९६९ साली आलं. फ्रान्समधली लेक्ट्रा १९७३ साली सुरू झाली आणि २०२१ साली तिनं गर्बर टेक्नॉलॉजीच विकत घेतली. आज क्लो थ्रीडीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पॅटर्न आभासी माणसावर चढवून बघता येतो. त्यामुळे मांजरपाटाच्या एक-दोन फेऱ्या वाचतात, आणि तो फायदा खरा आहे.

संगणकानं सर्वात जास्त वेळ वाचवला तो ग्रेडिंग आणि मार्करमध्ये. नियम एकदा बसवले की सगळी मापं क्षणात निघतात. नियम चुकीचे असतील तर चुकीची मापंही तितक्याच झटक्यात निघतात. कोणता बिंदू किती सरकवायचा, हात वर केल्यावर शर्ट का खेचला जातो, हा निर्णय अजून माणसाचाच आहे. आभासी कापडही त्याचं वजन, ताण आणि लवचिकता नीट मोजून भरली असेल तरच खऱ्यासारखं पडतं. शिवाय सॉफ्टवेअरचा परवाना, पॅटर्न पूर्ण आकारात छापणारा मोठा प्लॉटर आणि शिकण्याचा काळ यांचा खर्च मास्टरच्या दरात येतोच.

कारखाना तर फुकट करून देतो

नगांची मोठी ऑर्डर असेल तर अनेक कारखाने पॅटर्नचे वेगळे पैसे लावत नाहीत. तो खर्च नगाच्या भावात मिसळलेला असतो, आणि त्यात गैर काही नाही. ज्यांना एकाच कारखान्यात वर्षानुवर्षं काम करायचं आहे त्यांना हा मार्ग सोयीचा पडतो.

अडचण येते ती कारखाना बदलताना. पॅटर्न त्यांच्याकडे राहतो, आणि तुमच्या हातात शिवलेल्या शर्टाशिवाय काही नसतं. नव्या ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून, आणि जुन्या गिऱ्हाइकाला 'या वेळचा बसत नाही' असं वाटणारा शर्ट.

पॅटर्न कोणाचा?

म्हणून काम सुरू होण्याआधी हे लिहून घ्यावं. मास्टरचा मूळ ब्लॉक बहुधा त्याचाच राहतो, ती त्याची वर्षांची कमाई आहे आणि ती मागणं योग्य नाही. तुमच्या डिझाइनचा अंतिम पॅटर्न तुमचा असावा, आणि मास्टरनं तो दुसऱ्या कुणाला विकू नये. पूर्ण पैसे दिल्यावर सगळ्या मापांचा संच, मापांचा तक्ता, ग्रेडिंगचे नियम आणि संगणकातली फाइल हातात यावी. फाइल डीएक्सएफ स्वरूपात मागावी, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडते. उघडल्यावर मापं, खुणा आणि उभ्या धाग्याच्या रेषा जागच्या जागी आहेत ना, हे तपासून घ्यावं. कागदी प्रतीच्या कोपऱ्यात दहा सेंटीमीटरचा चौकोन छापून घ्यावा आणि पट्टीनं मोजावा. तो ९.८ भरला तर छपाईतच दोन टक्के गेले, आणि शंभर सेंटीमीटर घेराचा शर्ट अठ्ठ्याण्णवचा निघणार.